आईचं इन्सुलिन बंद करून ‘अधिकाराने’ प्रार्थना करायची का?

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. आई ६१ वर्षांच्या, अकरा वर्षांपासून शुगर, दोन वर्षं झाली इन्सुलिन चालू. तुमच्या प्रेयर फेलोशिपमधले ब्रदर म्हणाले की प्रभूने आपल्याला सगळ्या आजारांवर अधिकार दिलाय, मग तोंडाने ‘मी बरी झाले’ म्हणायचं आणि हाताने सुई टोचायची हा अविश्वास झाला. आईंनी आठ दिवसांपूर्वी इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही सोडलं. आता थकवा आहे, तहान लागते, रात्री चार-पाचदा उठावं लागतं आणि ब्रदर म्हणतात ही लक्षणं म्हणजे सैतानाची खोटी साक्ष, तिकडे लक्ष देऊ नका. तुम्ही विचारताय की असा अधिकार बायबलमध्ये खरंच आहे का, आणि आईचा विश्वास कमी पडतोय का.

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा, आईची शुगर तपासा. घरी मशीन नसेल तर जवळच्या लॅबमध्ये जा, उद्यावर टाकू नका. उलट्या, पोटदुखी, खोल खोल धाप लागल्यासारखा श्वास, तोंडाला फळासारखा गोडसर वास, गुंगी, यातलं काही दिसत असेल तर लॅबसुद्धा नको, सरळ कॅज्युअल्टी गाठा. आणि आठ दिवसांच्या गॅपनंतर जुना डोस आपल्या मनाने टोचू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. मी डॉक्टर नाही, पाळक आहे, पण वॉर्डावॉर्डात प्रार्थनेला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेवढं कानावर पडतंच. रक्तातली साखर फार वाढली की किडनी ती लघवीतून बाहेर टाकायला लागते, तिच्याबरोबर पाणी जातं, म्हणून रात्रीचं उठणं आणि म्हणून ती तहान. आईंचं शरीर खरं तेच सांगतंय, त्यात सैतानाची साक्ष कुठून आली?

तपासलीत? मग आता बोलू.

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण मला त्यांच्या पोटात एकच दिसतो. उद्या आई बऱ्या झाल्या नाहीत तर दोष कोणाचा? ब्रदरांच्या शिकवणीत त्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, दोष आईचा. प्रार्थना करणारा त्यात कधीच सापडत नाही. माझं भांडण आहे ते इथे. देव बरं करतो की नाही यावर नाही, मी तर रोज त्यासाठीच गुडघे टेकतो.

अधिकार आहे का? आहे. बायबलमधलं लूक ९ काढा, प्रभूने बारा शिष्यांना भुतांवर आणि रोग बरे करण्यासाठी सामर्थ्य आणि अधिकार दिला असं स्पष्ट आहे. पुढच्या अध्यायात सत्तर जणांना साप-विंचू तुडवण्याचा अधिकार. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, म्हणजे प्रेषित ३ मध्ये, पेत्र हा शिष्य लंगड्या माणसाला सरळ ऊठ आणि चालू लाग म्हणतो. स्वतः प्रभूने पेत्राच्या सासूच्या तापाला धमकावलं. त्यामुळे आज्ञा देऊन प्रार्थना करणाऱ्यांची मी टिंगल करत नाही, मीही कधी कधी तशी करतो.

पण अधिकार म्हणजे काय ते आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. तलाठ्याला सातबाऱ्यावर नोंद करायचा अधिकार असतो, म्हणून जमीन त्याची होत नाही, आणि वरून आदेश नसताना त्याने फेरफार ओढला तर सस्पेंड होतो. ग्रीकमध्ये लूकने जो शब्द वापरलाय एक्सुसिया, त्यात हेच आहे, वरून मिळालेली मुखत्यारी. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, आठवा, मत्तय ८. प्रभूने ज्याच्या विश्वासाचं सगळ्यात जास्त कौतुक केलं तो माणूस. तो काय म्हणाला? मीही ताबेदार मनुष्य आहे, माझ्या हाताखाली शिपाई आहेत. आधी ताबेदार, मग हाताखाली शिपाई. आणि गंमत बघा ताई, एवढा हुकूम चालवणारा माणूस, पण आपल्या चाकराच्या दुखण्याला त्याने स्वतः एक शब्दही हुकूम केला नाही, प्रभूकडे जाऊन विनंती केली. सगळे प्रचारक हा उतारा अधिकारावर बोलायला घेतात आणि नेमकं हेच सोडतात.

हे ‘बोला आणि मिळवा, लक्षणांकडे बघू नका’ प्रकरण आलं कुठून, तर बरंचसं अमेरिकेतून. ई. डब्ल्यू. केनयन नावाचे प्रचारक होते, १९४८ साली वारले, त्यांच्या लिखाणातून केनेथ हेगिन यांनी ते उचललं आणि पसरवलं, आणि तिथून कॅसेट, मग केबलवरचे चॅनेल, आता मोबाईल असं करत ते आपल्या चाळीत आणि वाडीत आलं. त्यात सगळंच वाईट आहे असं म्हणणार नाही, प्रार्थना करायला घाबरणाऱ्या माणसाला त्याने जीभ दिली. पण ‘माझ्या शब्दात ताकद आहे’ असं एकदा डोक्यात बसलं की ताबेदारी जाते आणि मंत्र उरतो.

प्रेषित १९ मध्ये स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांचं आहे ना, त्यांनीही येशूचं नाव घेऊन भुताला आज्ञा केली, तर भूत म्हणालं येशूला ओळखतो, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि उघडेनागडे पळाले बिचारे. नाव बरोबर घेतलं होतं त्यांनी.

त्याच अध्यायात, त्याच एफिस शहरात, पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर टाकले तरी लोक बरे होत होते. आता २ तीमथ्य ४:२० उघडा, पौल लिहितो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. हा त्रफिम कुठला? एफिसचाच. रुमालाने परके बरे झाले आणि स्वतःचा सोबती आजारी मागे राहिला. पौलाचा अधिकार मधल्या काळात संपला का? तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तर त्याने थोडा द्राक्षारस घे असा घरगुती उपाय सांगितला, आज्ञा-बिज्ञा काही केली नाही. स्वतःच्या अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे आहे. आणि त्याच्याबरोबर फिरत कोण होतं तर लूक, ज्याला तो प्रिय वैद्य म्हणतो. प्रवासात वैद्य बरोबर ठेवणं हा अविश्वास असेल तर पौलापासूनच सुरुवात करावी लागेल.

आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टरकी शिकायचं मनात होतं, पण कानाने दगा दिला, ऐकू कमी येत होतं म्हणून ते राहूनच गेलं. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आध्यात्मिक जागरण झालं ते जगभर गाजलं, पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पंथाच्या, इतिहासात आजही त्याचा उल्लेख होतो. जिच्या अंगणात हे घडलं त्या बाईचे कान मात्र तसेच राहिले, आणि तसल्या कानांनी तिने मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती असेल तर त्याने पुढे यावं.

आता आईंच्या विश्वासाचं. याकोब ५ मध्ये आजाऱ्याने काय करायचं सांगितलंय? मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवायचं, बस्स. तेल त्यांनी लावायचं, प्रार्थना त्यांनी करायची, आणि जी विश्वासाची प्रार्थना म्हटलीय ती त्यांची. छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडला तेव्हा प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा. प्रभूने उठवलेली याईराची मुलगी तर मेलेली होती, तिचा विश्वास कोण मोजणार? आणि ज्या वचनावरून सगळ्यांना झोडपतात, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास, मत्तय १७, तिथे तर एका बापाने आणलेला फिट येणारा मुलगा शिष्यांकडून बरा झाला नाही म्हणून बोलणी कोणाला बसली? ज्यांना बरं करता आलं नाही त्या शिष्यांना. मुलाला नाही, बापालाही नाही. बाप तर मार्कात रडून म्हणतो की विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि तेवढ्यावर त्याचं काम होतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसऱ्या बाजूचीही वचनं आहेत. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं’ हे प्रभू बऱ्याचदा म्हणतो, आणि स्वतःच्या गावी, नासरेथात, अविश्वासामुळे फार काही करता आलं नाही असंही मार्क लिहितो. ती मी पुसून टाकत नाही. पण नासरेथकर प्रभूला नाकारत होते, तुमची आई प्रभूसाठी स्वतःचं औषध टाकून बसलीय. या दोघांना एका तराजूत घालू नका.

हे सगळं मी पुस्तकी शहाणपणातून लिहीत नाहीये. सेवेच्या सुरुवातीला मी स्वतः अगदी तुमच्या ब्रदरांसारखा होतो. नगर जिल्ह्यात एका वस्तीवर एक तरुण शेतमजूर, टीबी झालेला, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू. मी हात ठेवून जोरात प्रार्थना केली, खोकल्याला नाव घेऊन हाकललं. दोन महिन्यात माणूस उभा राहिला, वजन वाढलं, खोकला थांबला, सभेत साक्ष दिली, मी छाती फुगवून बाजूला उभा. त्याने विचारलं पास्टर गोळ्या सोडू का, आणि मी म्हणालो तुझ्या विश्वासाप्रमाणे होवो. बघा कसं चतुर उत्तर! सोड असं म्हणालोच नाही. टीबीचं असं असतं की पहिल्या दोन महिन्यात माणसाला बरं वाटतं, पण चिवट जंतू आत शिल्लक असतात, म्हणून तर कोर्स साधारण सहा महिन्यांचा, आणि मधेच सोडला की उरलेले जंतू त्या औषधालाच जुमानेनासे होऊ शकतात. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात तो परत आडवा झाला, नंतर औषधं लागू पडेनात, आणि गेला. त्याच्या बायकोने मातीच्या वेळी मला एवढंच विचारलं, आमचंच काहीतरी चुकलं असेल ना हो? मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. ते ‘नाही’ मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं.

त्यानंतर काही वर्षांनी मी वॉर्डात जायला लागलो. आता माझी पद्धत सांगतो, हीच बरोबर असं नाही, मंडळीमंडळीत फरक असतो. मेडिकलमधून ऑलिव्ह ऑइलची छोटी बाटली घेतो, ती शर्टाच्या खिशात. आधी खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो कुठल्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर काय म्हणाले, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. या शेवटच्या प्रश्नाला पाच मिनिटं द्यावी लागतात, लोक आधी ‘काही नाही’ म्हणतात. मग कपाळाला तेल, साध्या आवाजात प्रार्थना, बाजूच्या कॉटवरच्या माणसाची झोप मोडणार नाही इतपत. बरं कर असं स्पष्ट मागतो, गोलगोल बोलत नाही. आणि निघताना सांगतो, गोळी चुकवायची नाही.

अधिकाराची भाषा मी कुठे वापरतो? भीतीवर. एकदा एका बाईंच्या घरी बोलावलं, त्यांच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू आणि काळी बाहुली सापडलेली, जावेने करणी केली म्हणून तीन आठवडे नीट जेवण नाही, अंथरुणाला खिळलेल्या. मी ते लिंबू उचललं, टाचण्या काढल्या, स्वच्छ धुतलं, त्यांच्याच ओट्यावर कापून सरबत केलं आणि त्यांच्यासमोर प्यायलो. मग म्हणालो, येशूच्या नावात सांगतो, तुमच्यावर कोणाचीही सत्ता नाही, उठा. त्या उठून बसल्या आणि भाकरी मागितली. (बायकोने घरी आल्यावर लिंबावरून माझी जी कानउघाडणी केली ती वेगळी.) पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो, हिमोग्लोबिन सात निघालं. भीती एका वाक्याने गेली, रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या लागल्या, चार महिने. दोन्हीसाठी मी देवाचे आभार मानतो आणि कुठलं काम कशाने झालं यात गोंधळ करत नाही.

काही न उलगडणारंही पाहिलंय. एका बाईंच्या सोनोग्राफीत दिसलेली गाठ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परत पाहिली तर नव्हतीच. डॉक्टर म्हणाले अशी सिस्ट कधी कधी आपोआप विरते. मी आभारही मानले आणि डॉक्टरांचं म्हणणंही खोटं धरलं नाही. पण बघा, कळलं कशावरून? सोनोग्राफीवरून. प्रभूने दहा कोडी लोकांना बरं केलं तेव्हा सांगितलं, जा, याजकांना दाखवा. बायबलच्या लेवीय पुस्तकात ती तपासणी कशी करायची तेही आहे, याजकाने चट्टा बघायचा, शंका असेल तर सात दिवस वेगळं ठेवायचं, परत बघायचं. म्हणजे बरं झाल्याची तपासणी ही प्रभूचीच आज्ञा आहे. रोमन कॅथलिक लोकांचं फ्रान्समधलं तीर्थक्षेत्र लूर्द घ्या, तिथे डॉक्टरांचं स्वतंत्र ऑफिस आहे, हजारो दावे आले आणि १८५८ पासून २०१८ पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झाले ते फक्त ७०. आपल्याकडे एका रविवारच्या सभेत तेवढे होतात.

तर आई खरंच बऱ्या झाल्या असतील तर औषध घेत असतानाच ते दिसेल. शुगर खाली यायला लागेल, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी कमी येईल, आणि डोस डॉक्टर स्वतः कमी करतील. वजन उतरलं, खाणं बदललं तरी काहींचं इन्सुलिन कमी होतं, त्यामुळे तेही अशक्य नाही. देवाला चमत्कार करायला सुई लपवून ठेवावी लागत नाही.

हे सगळ्या दुखण्यांना सारखंच लागू आहे असंही नाही. गुडघेदुखीची गोळी कोणी प्रार्थना करून चार दिवस सोडली तर मी फार वाद घालत नाही. शेवटच्या स्टेजचा कॅन्सर असेल आणि माणसाने पूर्ण समजून केमो नको म्हटलं तर तो त्याचा आणि डॉक्टरांचा निर्णय, मी हात धरून बसतो. पण इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, टीबीचा कोर्स, हार्टची औषधं, मानसिक आजाराची औषधं, ही प्रार्थनेच्या नावाखाली बंद करायला सांगणारा कोणीही असो, बिशप असो की ब्रदर, त्याचं ऐकू नका. साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपण देवऋषाला त्यावरून नावं ठेवतो, मग आपल्याच फेलोशिपमध्ये ‘हाल्लेलूया’ म्हणून तेच का चालवून घ्यायचं?

आणि तसंही हे आपल्या वळणाचं नाही. मिरजेला डॉ. वॉनलेसनी १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आपले लोक प्रार्थना करून वॉर्डात ड्युटीला जातायत, मराठी ख्रिस्ती घर म्हटलं की नात्यात एखादी नर्स निघतेच. ब्रदरांच्या घरीही बघा, असेल.

ब्रदरांशी कसं बोलायचं? भांडू नका, आई दुखावतील. एवढंच म्हणा की ब्रदर, तुम्ही अधिकाराने सांगताय तर एका कागदावर लिहून द्या, की माझ्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद केलं आहे आणि पुढे काही झालं तर जबाबदारी माझी, खाली सही आणि तारीख. मी दोन-तीन कुटुंबांना हे सुचवलंय, सही अजून कोणी केलेली नाही. त्यांनी उलट ‘मी तसं म्हणालोच नाही’ म्हटलं तर फारच चांगलं, तेच वाक्य आईंसमोर म्हणायला सांगा.

आईंना मात्र मूर्खपणा केलास असं म्हणू नका. त्यांनी हे प्रभूच्या प्रेमापोटी केलंय. तुमच्या मंडळीच्या पाळकांना आणि वडिलांना घरी बोलवा, याकोबात आहे तसं तेल लावून प्रार्थना करू द्या, आणि इन्सुलिनची वेळ मुद्दाम त्याच सुमारास येऊ द्या. डॉक्टरांनी सांगितलेला डोस तुम्ही भरा, पोटाला टोचताना पाळकांनी आईंचा हात धरावा. त्यांच्या मनात अडकलंय ते सुई आणि प्रार्थना एकमेकींच्या विरोधात आहेत हे, आणि ते माझ्या एवढ्या लांब लिहिण्याने सुटणार नाही, एकदा दोन्ही एकत्र झालेलं पाहिलं की सुटेल.

आईंना जय ख्रिस्त सांगा. शुगर किती आली ते कळवा, उपाशीपोटी होती की जेवणानंतरची तेही लिहा.